पट्टा तुटला नव्हता

मी, व्हर्ना एडिथ गेटनबी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिडं शिवण्याचा, राहणार जेटी रोड, केल्प पॉइंट, टास्मानिया, या लेखाने लिहून ठेवते की हे माझं शेवटचं मृत्युपत्र आहे आणि यापूर्वी केलेली दोन्ही मी रद्द केली आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण सही गुडघ्याने करत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून वळवलेलं नाही. गोड बोलणारं माणूस एप्रिलमध्ये वारलं.

माझ्या वकील श्रीमती दिमित्रियू यांनी कच्चा मसुदा वाचून सांगितलं, "व्हर्नाबाई, यातला निम्मा मजकूर कायद्याला लागत नाही."

"मला लागतो," मी म्हटलं.

मग त्यांच्याच तोंडून निघून गेलं, की मृत्युपत्र कोर्टात मंजूर झालं की कोणालाही मागवून वाचता येतं. हे ऐकल्यावर मी मजकूर आणखी वाढवला.

कलम १. जेटी रोडवरचं राहतं घर, वरची शिडं शिवायची माडी आणि किनाऱ्यावरची बोटशेड मी शेजारी मर्व्हिन बॅनन यास देत आहे. मर्व्ह स्कॅलपचे शिंपले पकडणारा मच्छीमार. त्याच्या बोटीला शीडच नाही. तरी १९७८ नंतर गावाने माझ्याकडे काम टाकायचं बंद केलं, तेव्हा हा माणूस दर थोड्या दिवसांनी काहीतरी शिवायला घेऊन यायचा. ताडपत्री, इंजिनावरचं झाकण, एकदा पोरांचा तंबू. "फाटलंय बघ," म्हणायचा. फाटलेलं नसायचं, चाकूने कापलेलं असायचं. फाटलेली कड आणि कापलेली कड मला आंधळेपणीही ओळखता येईल. मी कधी काही बोलले नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. छप्पर उत्तरेकडून गळतं, ते त्याला माहीत आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरलेलं चॅनेलमधल्या, म्हणजे गावासमोरच्या सामुद्रधुनीतल्या, स्वयंसेवी बचाव-बोटीच्या मंडळींना द्यावं. माझ्या भावाला, ऑब्रीला, शोधायला तेव्हाची त्यांची माणसं वादळात गेली होती. त्यांतलं आज कोणी हयात नाही, तरी द्यावं.

कलम ३. शिवणाचं मोठं मशीन, सुया, मेण, चामडी हातमोजे आणि कापडाचे उरलेले तागे सिग्नेट गावच्या तामसिन रोक हिला द्यावेत. ती शिडं शिवते, बरी शिवते, कोपऱ्यांवर अजून घाई करते. पण ते कारण नाही. एवढ्या वर्षांत तिने एकटीनेच मला तोंडावर विचारलं, "तो पट्टा खरंच तुटला होता का हो?" बाकी सगळ्यांना माहीतच होतं.

कलम ४. केल्प पॉइंट यॉट क्लबला मी काहीही देत नाही. हे लिहायचं राहून गेलेलं नाही, विचार करून लिहिलं आहे. मे महिन्यात क्लबचे अध्यक्ष माझ्याकडे आले होते. त्यांना माझी बोट हवी होती, नव्या मॉयरा हॅस्केल सभागृहाच्या दाराशी मांडून ठेवायला. सोबत फळांचा केक आणला होता. केक मी ठेवून घेतला.

कलम ५. बोट. नाव 'मटनबर्ड'. बांधणी ह्युऑन पाइनच्या लाकडाची, बांधणाऱ्या दोघी: मॉयरा हॅस्केल आणि मी.

या कलमात मला सविस्तर लिहायचं आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने कलम सहावर जावं.

१९६९ साली आमच्या क्लबात बायकांना सभासद होता येत नसे. शर्यतीच्या दिवशी आम्ही सँडविच करायची आणि धक्क्यावरून रुमाल हलवायचा. मी वडिलांच्या हाताखाली शिडं शिवत असे, पण बिलावर नाव वडिलांचं. एके दिवशी एक उंच बाई खांद्यावर शिडाची गुंडाळी टाकून थेट माडीवर चढून आली. होबार्टहून नवऱ्याबरोबर नुकतीच राहायला आलेली. नवऱ्याचा सफरचंदांचा मोठा व्यापार. गुंडाळी तिने जमिनीवर आपटली.

"हे शीड आहे की पडदा? तुझ्या वडिलांना विचार."

"वडिलांना कशाला? मी शिवलंय. आणि पडद्याला एवढा ताण दिलास तर भिंत येईल हातात. दोर किती आवळतेस?"

"मग येऊन बघ ना."

"आले असते. आज सँडविच करायची आहेत."

"काकडीची?"

"काकडीची."

"मरू दे ती काकडी," मॉयरा म्हणाली.

मी गेले. त्या दुपारी आम्ही चॅनेल ओलांडून ब्रूनी बेटापर्यंत गेलो आणि परत आलो. जाताना भांडत, येताना गप्प. ते गप्प बसणं मला आजही आठवतं. तोवर मी ज्यांच्या ज्यांच्या बोटीत बसले, ती सगळी माणसं वाऱ्याविषयी बोलायची. मॉयरा वारा ऐकायची. पाण्यावर दूर काळपट सुरकुती दिसली की तिचा हात सुकाणूच्या दांड्यावर आणि माझा शिडाच्या दोरावर एकाच वेळी हलायचा. कोणी कोणाला सांगितलेलं नसायचं. मी लग्न केलं नाही. लोकांनी कारणं शोधली. माझ्याकडे एकच होतं: असं जमणारा पुरुष मला भेटला नाही.

पुराच्या पाण्यातून वाहून आलेले पाइनचे ओंडके वडिलांनी वर्षानुवर्षं वाळवून ठेवले होते. वडील गेल्यावर आम्ही दोघींनी त्या ओंडक्यांची बोट बांधली. तीन हिवाळे लागले. मॉयराला रंधा धरता येत नव्हता, शिकली. हाताला फोड आले की त्यांवर पट्टी बांधून नवऱ्याबरोबर मेजवान्यांना जायची. माझा धाकटा भाऊ ऑब्री सुट्टीच्या दिवशी मदतीला यायचा आणि काम कमी, चेष्टा जास्त करायचा.

"व्हर्न, या बोटीचं नाव काय ठेवणार? क्लबातल्यांच्या बोटी बघ, सगळ्या राण्या नाहीतर देव्या."

"मटनबर्ड," मॉयरा म्हणाली.

"अगं, तो तर खायचा पक्षी! तेलकट, वास मारणारा."

"पण समुद्र सगळा पालथा घालून आपल्याच बिळात परत येतो," ती म्हणाली. "दिसायला कसाही असू दे, परत येतो."

क्लबने बायकांना शर्यतीत घ्यायचं ठरवलं ते नाइलाजाने. आम्ही बाहेरून, नाव न नोंदवता, त्यांच्या शर्यतीच्या बाजूने बोट हाकायचो आणि त्यांच्या आधी पोहोचायचो. शेवटी त्यांना लाज वाटली. तांडेल म्हणून मॉयराचं नाव लागलं, कारण नवरा मोठा. मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा वाटलं नाही, असं लिहिते.

फेब्रुवारी १९७८. टास्मन बेटाला वळसा घालून परत यायची शर्यत. बोटीवर तिघं: सुकाणूवर मॉयरा, शिडाच्या दोरावर मी, पुढच्या कामाला ऑब्री. तो सव्वीस वर्षांचा होता. तिघांच्या छातीवर मी शिवलेले पट्टे. पट्ट्याला दोरी शिवलेली, दोरीच्या टोकाला आकडा, आणि आकडा बोटीला अडकवायचा, म्हणजे माणूस पडला तरी बोटीला लटकून राहतो. बेट ओलांडलं तेव्हा आम्ही पहिल्या होतो. मागे क्लबच्या सगळ्या राण्या आणि देव्या. मग वारा फिरून नैर्ऋत्येचा झाला आणि लाटा घरांएवढ्या झाल्या. पुढचं शीड अर्ध्यावर अडकलं, खाली येईना. ऑब्री पुढे सरपटत गेला. टोकाला पोहोचायला त्याच्या आकड्याची दोरी हातभर कमी पडत होती.

"पोचत नाहीये!" तो ओरडला.

"मॉयरा, बोट वाऱ्यात वळव, वेग कमी कर," मी म्हटलं. "त्याला आकडा दुसरीकडे अडकवू दे."

"वळवलं तर ते पुढे जातील!"

"जाऊ देत!"

"आपण पहिल्या आहोत, व्हर्न!" आणि मग माझ्या डोक्यावरून तिने त्याला हाक मारली, "ऑब्री! आकडा सोड आणि जा! पटकन!"

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. तांडेलाकडे पाहिलं. आकडा सोडला, गेला, शीड मोकळं केलं. हात वर करून हसला. पुढच्या लाटेनंतर तिथे कोणी नव्हतं.

आम्ही बोट फिरवली. अंधार पडेपर्यंत त्याच पाण्यात घिरट्या घातल्या. खरं तेच लिहायचं तर मॉयराने शोधण्यात कसूर केली नाही. तिच्या तळव्यांची सालं निघाली होती तरी तिने सुकाणू सोडलं नाही. घरी येताना ती एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने मला धरून बसली. आठवडाभर माझ्या घरी राहिली, माझ्या आईला घास भरवले. त्या आठवड्याबद्दल तिचे उपकार मी मानले असते.

होबार्टला सरकारी चौकशी झाली. ऑब्री सापडलाच नाही, त्यामुळे त्याचा पट्टाही कोणी पाहिला नाही. पाहणाऱ्या दोघीच. मॉयरा आधी उभी राहिली, नवऱ्याने नेमलेला वकील शेजारी. तिने सांगितलं, पट्ट्याची शिवण उसवताना मी डोळ्यांनी पाहिली. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी व्हर्नाला दोष देत नाही."

मी उभी राहिले. तिने आकडा सोडायला सांगितला, असं सांगितलं.

त्यांनी मला एकच विचारलं, "मिस गेटनबी, तो पट्टा कोणी शिवला होता?"

"मी."

"धन्यवाद."

वर्तमानपत्रात शिवणीचा फोटो आला, दुसऱ्याच कुठल्या तरी पट्ट्याचा.

चौकशीच्या खोलीबाहेर मी तिला अडवलं. आयुष्यात एकदाच अडवलं.

"का, मॉयरा?"

ती रडत होती, पण तिचा आवाज घट्ट होता. "मला दोन मुली आहेत, व्हर्न. त्यांनी मला काय समजायचं? तुझ्याकडे बघणारं कोण आहे?"

माझ्याकडे बघणारी माझी आई होती.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, याच घरात, माझ्याबरोबर. मला तिने एका शब्दाने बोल लावला नाही. पण तिने मला पुन्हा एक बटणसुद्धा लावू दिलं नाही. नजर अधू झाल्यावर सुईत दोरा ओवायला शेजारच्या पोरांना बोलवायची. मी त्याच खोलीत बसलेली. एकदा मी तिच्यापुढे गुडघे टेकून सांगितलं, "आई, शिवण उसवली नव्हती. त्याला आकडा सोडायला लावलं."

तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. "असू दे बाळा," म्हणाली. म्हणजे तिला पटलं नव्हतं. मरण जवळ आल्यावर तिने पुरायच्या वेळचा पोशाख मर्व्हच्या बायकोकडून बेतून घेतला.

बोटीतला आपला अर्धा हिस्सा मॉयराने वकिलामार्फत मला लिहून दिला. लोक म्हणाले, काय मोठं मन. पुढे ती क्लबची पहिली बाई अध्यक्ष झाली. तिला पदक मिळालं. शाळाशाळांतून जाऊन मुलांना समुद्रावर सुरक्षित कसं राहावं ते शिकवायची, आणि दर भाषणात माझं नाव घ्यायची: "माझी मैत्रीण व्हर्ना, जिच्याकडून मी वारा शिकले." गावातली पोरं घरी येऊन हे मला कौतुकाने सांगत.

मी शर्यत पुन्हा केली नाही. 'मटनबर्ड' मात्र एक दिवसही कोरडी पडू दिली नाही. एकटी हाकायची. चॅनेलमध्ये कधी मॉयराची नवी मोठी बोट समोरून यायची. ती हात वर करायची, मी करत नसे. पण एकदा, दोघींच्या मधल्या पाण्यावर वाऱ्याची काळी सुरकुती आली, आणि तिने तिकडे सुकाणू ढकललं त्याच क्षणी इकडे माझ्या हातून दोर सैल झाला. मला समजायच्या आधी. माझा मला एवढा राग कधी आला नव्हता. घरी येऊन मी तो हात गरम पाण्यात घालून बसले, जणू त्याला काही लागलं होतं.

यंदा मार्चमध्ये तिच्या थोरल्या मुलीचा, फिलिपाचा फोन आला. "व्हर्ना मावशी, आई फार दिवस काढणार नाही. सारखं तुमचं नाव घेते. याल का?"

मी गेले. चांगला कोट घातला. होबार्टपर्यंत मर्व्हने गाडीतून सोडलं. वाटभर मी मनात ठरवत होते, ती कबूल करेल तेव्हा मी काय बोलायचं. माफ करायचं की नाही, याचा निकाल माझ्या हातात असणार होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काही असणार होतं.

तिच्या खोलीच्या खिडकीतून नदी दिसत होती. मॉयरा उशांत बुडालेली, लहान झालेली. तिने फिलिपाला बाहेर पाठवलं.

"वारा कुठला आहे, व्हर्न?"

"नैर्ऋत्येचा. हलका."

"छान." मग तिने माझा हात धरला. "तुला एक सांगायचं राहून गेलंय. आधीच सांगायला हवं होतं."

"सांग."

"त्या पट्ट्याबद्दल मी तुला केव्हाच माफ केलंय."

मी तिच्या डोळ्यांत खोटं शोधलं. मनापासून शोधलं. तिथे नव्हतं. इतकी वर्षं सांगून सांगून तिने ते खरं करून टाकलं होतं, आणि आता त्या दिवशी बोटीवर काय झालं हे जाणणारी मी एकटीच उरले होते.

"मॉयरा," मी म्हटलं, "तू त्याला आकडा सोडायला सांगितलंस. आपण पहिल्या होतो म्हणून."

तिने माझा हात थोपटला, आजारी पोराला थोपटावं तसा. "असं नको गं करूस. किती वर्षं स्वतःला जाळशील? आता तरी स्वतःला माफ कर."

आणि तिला झोप लागली. मी हात सोडवून घेतला. बाहेर फिलिपा उभी होती. "बोलणं झालं का, मावशी? आईला हलकं वाटेल आता."

"हो," मी म्हटलं. "तिला वाटेल."

तरी बोटीबाबत माझी इच्छा अशी: 'मटनबर्ड', तिची शिडं, दोर, नांगर आणि डोलकाठी यांसह, मी फिलिपा हॅस्केल हिला देत आहे. बोट निम्मी तिच्या आईच्या हातची आहे, आणि त्या हातांचं काम चोख आहे. अट एकच. फिलिपाने हे पाचवं कलम त्या नव्या सभागृहात, क्लबच्या वार्षिक सभेत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उभं राहून वाचावं. तिचं आईवर प्रेम आहे. ते तिने सोडावं असं मी म्हणत नाही. विश्वास ठेवावा असंही म्हणत नाही. वाचावं. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात तिने वाचलं नाही, तर मर्व्हने बोट फोडून चुलीत घालावी. ह्युऑन पाइन जळताना वास फार छान येतो.

कलम ६. आईच्या थडग्यावर ऑब्रीचं नाव कोरून घ्यावं. त्याला स्वतःचं थडगं नाही. नावाखाली जन्माचं वर्ष आणि मृत्यूचं वर्ष एवढंच. समुद्राबद्दल, वाऱ्याबद्दल, देवाच्या बंदराबद्दल काहीही कोरू नये. पाथरवटाला सवय असते, त्याला आधीच बजावावं.

कलम ७. माझा देह. हे कलम मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, म्हणून हे पान इतकं घाण झालं आहे.

पहिल्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की मला जाळावं आणि राख चॅनेलच्या तोंडाशी, जिथे दक्षिणेचा मोकळा समुद्र सुरू होतो, तिथे सोडावी. तेवढीच एक गोष्ट मी माझ्यासाठी मागितली होती. पण मॉयराची राख एप्रिलमध्ये तिथेच सोडली. फिलिपाने मला सांगितलं, आईने तसं बोलूनच ठेवलं होतं: "मला तिथे सोडा, आणि व्हर्ना येईल तेव्हा तिलाही तिथेच. आम्ही दोघी कायम बरोबरच होतो." फिलिपाला हे सांगताना रडू आलं. मी तिला पाणी दिलं.

म्हणून पूर्वीची इच्छा मी रद्द करते. मला जाळू नये, पुरावं. आईजवळ नको, तिला उगाच अवघडल्यासारखं होईल. घाटापलीकडे, ह्युऑनव्हिल गावाच्या मागे, बटाट्याच्या शेतांलगत जी जुनी दफनभूमी आहे, तिथे पुरावं. मी मर्व्हला घेऊन जाऊन जागा पाहून आले आहे. चारी बाजूंनी टेकड्या आहेत. वारा नाही. समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही.

मर्व्हने तिथे टोपी काढून हातात घेतली. "व्हर्न, इथे? तू? अगं, इथे तुला करमणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचून, समजून, शुद्धीवर असताना, खाली नमूद दोन साक्षीदारांसमोर सही करून पक्का केला आहे. मर्व्हला हिस्सा मिळत असल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही. त्याला चहा करायला स्वयंपाकघरात पाठवलं आहे आणि तो दार उघडं ठेवून ऐकतो आहे.

सही: व्हर्ना एडिथ गेटनबी

साक्षीदार १: लोरेन टिबेट, औषधांचं दुकान, केल्प पॉइंट. (यांनी विचारलं, "सातवं कलम नक्की?" मी हो म्हटलं. मग यांनी सही केली.)

साक्षीदार २: अँगस फेन, फेरीबोटीवरचा कर्मचारी, केल्प पॉइंट.

ठिकाण: केल्प पॉइंट, टास्मानिया
दिनांक: २१ जून २०२३